रंध्याची दोरी

मागच्या थंडीत मी ठाण्यात एका फेरीला गेले होते. जुनी घरं पाडायच्या आधी एकदा बघून घ्या, अशी हौशी मंडळींनी काढलेली फेरी. टेंभी नाक्यापासून जरा आत, अण्णा वकिलांच्या घराच्या दिवाणखान्यात आम्हाला उभं केलं आणि फेरी काढणाऱ्या तरुणानं वर बोट दाखवलं. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे खोलीभर सागवानी पट्टी फिरलेली आहे. वर एक फुगीर लाट, तिच्याखाली खोल पन्हळ, मग एक बारीक धार. अशा लाटेच्या पट्टीला सुतार गलता म्हणतात. "हे कल्याणच्या धोंडीबा सुताराचं काम," तो म्हणाला. "काय हात होता बघा माणसाचा!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. धोंडीबाला सगळ्यांसारखे दोनच हात होते आणि तसल्या गलत्याला चार लागतात. उरलेले दोन कुणाचे, हे आजवर एकाही शहाण्यानं विचारलेलं नाही. दारावर मधोमध एका तुकड्यापुरती नक्षी तुटलेली आहे आणि तिथे साधी फळी ठोकली आहे. तिच्याबद्दल विचारलं तर तो तरुण म्हणाला, "वाळवी लागली असावी."

वाळवी! मी तिथे गप्प बसले, कारण मी बोलायला लागले की थांबत नाही असं घरच्यांचं म्हणणं आहे. म्हणून लिहिते. कागदाला कंटाळा येत नाही.

धोंडीबाची बायको रंगूबाई. तिची मुलगी रतन, आणि रतन माझी आजी. जे सांगते आहे ते रतनकडून आलेलं आहे, आणि ती सांगताना प्रत्येक वेळी तितकीच चिडायची. हा राग आमच्या घरात भांड्यांसारखा एकीकडून दुसरीकडे आलेला आहे.

तेव्हा कल्याणला आगगाडी येऊन पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. शहापूर-मुरबाडच्या रानातलं सागवान कल्याणला यायचं, आणि ठाण्यात वकील, मामलेदार, कारकून मंडळी साहेबांच्या बंगल्यांवर डोळा ठेवून घरं बांधायला लागली होती. साहेबाच्या छताला गलता आहे ना, मग आमच्याही छताला पाहिजे. तो गलता धोंडीबाच्या घरात व्हायचा.

तो कसा व्हायचा ते सांगितल्याशिवाय माझा राग कुणाला कळणार नाही. साधा रंधा तळाला सपाट असतो, म्हणून तो लाकूड सपाट करतो. गलत्याच्या रंध्याचा तळ लाटेच्या उलट कोरलेला असतो आणि त्यातलं पोलादी पातं तस्संच घासलेलं असतं. रंधा लाकडावरून फिरेल तशी लाट उमटत जाते. छताच्या पट्टीचा रंधा हा एवढा रुंद, एकट्याच्या बापाला ढकलवत नाही. म्हणून त्याच्या नाकाशी आडवी दांडी ठोकतात आणि दांडीला दोरी बांधतात. मागून एकजण रंधा दाबून ढकलतो, पुढून दुसरा दोरी कमरेला गुंडाळून ओढतो, आणि रंध्याकडे तोंड ठेवून उलटा चालत जातो.

मागे धोंडीबा. पुढे रंगूबाई.

पट्टी लांबलचक, त्यामुळे ओटीच्या दाराच्या आतून सुरुवात करून माजघरातून, चुलीला वळसा न घालता, थेट परसदारापर्यंत घर मोकळं ठेवावं लागे. रंगूबाई आपल्या घरातून उलटी चालायची. दोन उंबरठे पाठीमागे डोळे असल्यासारखे ओलांडायची. चुलीवर भात असला तर जाता जाता हात लांब करून झाकण सारायची आणि पुन्हा दोरीवर वजन टाकायची. रतन पोटात असताना आठवा महिना लागेपर्यंत तिनं दोरी ओढली. नुसती ताकद लागते असंही नाही. लाकडाचे रेषे कुठे उलटे फिरले, पातं कुठे जास्त खातंय, हे मागच्याच्या आधी पुढच्याला कळतं, कारण दोरी कमरेला धक्का देते. रंगूबाई "थांबा" म्हणाली की धोंडीबा थांबायचा. ज्या ज्या वेळी तो थांबला नाही, त्या त्या वेळी पट्टी वाया गेली.

पण हे सगळं दार लावून.

का, तर देवघराच्या चौकटीला, गणपतीच्या मखराला, कुणा सोवळ्या घराच्या छताला बाईचा हात लागलेला चालत नसे. गिऱ्हाइकांना चालत नसे आणि सुतारांच्या जातीलाही चालत नसे. हत्याराला बाईनं शिवलं तर हत्यार बाटतं. आता गंमत बघा. रंधा धरला तर बाटतो, दोरी ओढली तर बाटत नाही, कारण दोरी म्हणजे काही हत्यार नव्हे! असा हा सोयीचा धर्म. त्यातही महिन्यातले चार दिवस रंगूबाई बाहेर बसली की रंधा बंद. ओढणार कोण? मग धोंडीबा गिऱ्हाइकाला सांगायचा, "लाकूड अजून ओलं हाय, चार दिवस सुकू दे." आणि गिऱ्हाइकं एकमेकांना सांगायची, धोंडीबा घाई करत नाही हो, लाकूड चांगलं सुकवतो, म्हणून त्याचं काम टिकतं. बायकोचा विटाळ नवऱ्याची कारागिरी म्हणून गावभर मिरवला गेला. हसायचं तर हसा. मला हसू येत नाही.

धोंडीबा वाईट नव्हता. बायकोवर त्यानं हात उगारला नाही, दारू प्यायला नाही. रतन हे आवर्जून सांगायची, आणि मग म्हणायची, "त्यात काय मोठं केलं?" एकदा वैशाखात, घर भट्टीसारखं तापलेलं असताना रंगूबाई त्याला म्हणाली होती, "अवो, आज तरी दार उघडा. जीव घुसमटतोय."

"लोक बघतील."

"बघू दे की. चोरी करतोय का?"

"काम जाईल रंगू."

"मग येवढंच करा. एकदा कुणाला तरी सांगा, की हे दोघांचं हाय. एकाच माणसाला सांगा."

धोंडीबा म्हणाला, "सांगेन." बस, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते शेवटपर्यंत एवढंच राहिलं. तिला साडी नको होती, नथ नको होती. कुणीतरी चारचौघांत म्हणावं, की हे रंगूबाईनं केलंय.

घरात आणखी एक बाई होती, धोंडीबाची आई. तिला रंगूबाई रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणायची. जिभेला हाड नसलेली म्हातारी. सून घरात आली त्याच आठवड्यात तिनं आपल्या कमरेची दोरी काढून सुनेच्या कमरेला बांधली होती, कारण तोवर ती स्वतःच ओढत होती, आधी नवऱ्यासाठी, मग मुलासाठी. दोघींचं पटायचं नाही. भात करपला, पाणी सांडलं, कशावरूनही म्हातारी तोंड सोडायची. पण रतनच्या वेळी बाळंतिणीला न्हाऊ घालताना म्हातारीनं सुनेच्या कमरेवरचा जाड, काळा वळ पाहिला. स्वतःच्या लुगड्याखाली तसाच वळ होता. त्या वळावर तिनं तेल जरा जास्त वेळ चोळलं.

अण्णा वकिलांच्या दिवाणखान्याचं काम आलं ते धोंडीबाच्या नशिबातलं सगळ्यात मोठं काम. निम्मी खोली झाली आणि श्रावणात कल्याणला पटकी आली. सकाळी धोंडीबाला जुलाब सुरू झाले, दिवेलागणीला तो गेला. मरताना त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून "सांगेन" म्हणालेला तो कुणालाच काही न सांगता गेला. मला विचाराल तर बोलता येत होतं तेव्हा त्याच्याकडे भरपूर वेळ होता.

दिवस उरकले आणि धोंडीबाचा धाकटा भाऊ दगडू शहाडहून आला. दगडू बैलगाड्यांची चाकं आणि जू करायचा. दणकट काम, त्यात वाईट काही नाही, पण गलत्याला त्यानं उभ्या जन्मात हात लावला नव्हता. तो ओटीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "वहिनी, दादाचे रंधे मी नेतो. खंडेनवमी जवळ आली. हत्यारांची पूजा पुरुषानं करायची असते. तुमच्याकडं आता पुरुष नाय."

"भावोजी, रंधे मी वापरनार हाय."

दगडूला हसू आलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आलेला माणूस, त्याला हसूच येणार. तो म्हणाला, "तुमी?"

गोष्ट जातीच्या पंचांकडे गेली. पंच रंगूबाईच्याच ओटीवर बसले, तिनं सारवलेल्या ओटीवर, तिनं केलेलं काही नको म्हणून नुसता गूळ खात. ती दाराआड उभी. बायकांनी पंचांसमोर यायचं नाही. पंचांना फार विचार करावा लागला नाही. मुलगा नाही, मुलगी परक्याचं धन, तेव्हा हत्यारं भावाची. भावानं वहिनीला भात घालावा. न्याय झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

दाराआडून रंगूबाई म्हणाली, "रंधा ह्यांनी ढकलला. वढला मी. त्याचं काय?"

पंच एकमेकांकडे बघून हसले. त्यांच्यातला जो म्होरक्या होता तो म्हणाला, "मंग दोरी ठेव की तुला! विहिरीला उपयोगी पडंल."

दगडू पण हसला. रतनला ते हसू म्हातारपणीसुद्धा ऐकू यायचं. लहान पोर होती, पण आपल्या आईला हसताहेत हे पोरांना कळतं.

तेव्हा म्हातारी उठली. डोक्यावरून पदर घेतला आणि सरळ ओटीवर आली. पंचांपैकी दोघांच्या बारशाला तिनं घुगऱ्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे तिला आत जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

"न्या रंधे," ती म्हणाली. "लाकूड माझ्या नवऱ्याचं, मंग पोराचं, आता ह्या दुसऱ्या पोराचं. पन पातं नाय न्यायचं."

"म्हंजे?" दगडू म्हणाला. "पात्याशिवाय रंध्याचं काय करू? पाट करून बसू?"

"बस. पातं माझ्या बापानं दिलेलं. ठान्यात साहेबाच्या बंगल्यावर त्यो कामाला होता. पोलाद त्यानं आनलं, लव्हाराकडं बसून घासून घेतलं, आनि माझ्या लग्नात माझ्या वटीत घातलं. तांदूळ, नारळ आनि पातं. ज्यांनी बघितलं त्यातला एकजन तुमच्यात बसलाय. इचारा त्याला."

एक म्हातारा पंच खाली बघत म्हणाला, "घातलेलं. मी व्हतो."

ओटीत घातलेली वस्तू बाईची. ती कुणाला द्यायची तेही तिनंच ठरवायचं. बायकांना जखडून ठेवायला रीती केल्या की त्यातली एखादी अशी उलटते. पंचांची तोंडं बघण्यासारखी झाली म्हणे. म्हातारीनं रंध्यातली पाचर ठोकून ढिली केली, पातं बाहेर काढलं, पदराला पुसलं आणि सगळ्यांदेखत सुनेच्या ओटीत घातलं. एवढी वर्षं शिव्या देणाऱ्या बाईनं.

दगडू पोकळ रंधा काखेत मारून शहाडला गेला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण नुसतं पातं म्हणजे दात असून जबडा नाही. रंगूबाईनं बाभळीचा ठोकळा आणला आणि नवा रंधा करायला बसली. धोंडीबा पातं कसं बसवतो, पाचर किती ठोकतो, हे तिनं समोरून इतकी वर्षं पाहिलं होतं. ढकलणाऱ्याची नजर लाकडावर असते, ओढणाऱ्याची ढकलणाऱ्यावर. कोपऱ्यात जुन्या गलत्याचे तुकडे पडले होते. त्यातल्या एकाला तिनं चुलीची काजळी फासली, ठोकळा त्यावर घासला, जिथे काळं लागलं तिथे पटाशीनं खरवडलं. पुन्हा काजळी, पुन्हा घासणं. ठोकळ्याचा तळ लाटेवर अंगाला अंग लावून बसेपर्यंत. पहिला ठोकळा चिरला. दुसऱ्यात पातं वाकडं बसलं. तिसरा बरा झाला.

मग प्रश्न आला तोच. ओढणार कोण?

म्हातारीनं काही न विचारता दोरी उचलली आणि कमरेला गुंडाळली. साठी उलटलेली बाई. पहिल्याच ओढीत पातं लाकडात रुतलं, दोरीला हिसका बसला आणि म्हातारी परसदाराच्या उंबरठ्यावर दाणकन बसली.

"मेले, मारतीस का मला? दाबू नको येवढं! माझा नवरा पन असाच दाबायचा, त्याला पन ह्येच सांगायची!"

खंडेनवमीला दोघी विधवांनी आपल्या रंध्याला झेंडूची माळ घातली. गल्लीत छी-थू झाली. म्हातारीनं ओटीवर येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, ते मी इथे लिहीत नाही.

तिकडे दगडूनं लोहाराकडून नवं पातं करून घेतलं. लोहारानं धोंडीबाच्या जुन्या रंध्याचा तळ बघून तसंच्या तसं घासून दिलं. दगडूनं एक गडी ओढायला धरला आणि अण्णांच्या दिवाणखान्याची उरलेली पट्टी केली. वाईट केली असं नाही. पण जुन्या रंध्याचा तळ इतक्या वर्षांत झिजला होता, त्यामुळे त्याच्या मापानं केलेलं पातंही उथळ झालं. जुनी पट्टी आणि नवी पट्टी कोपऱ्यात एकमेकींना भिडल्या तिथे लाटेला लाट जुळेना. खालून बघितलं तरी दिसायचं, जशी दोन वेगवेगळ्या लुगड्यांची किनार जोडावी. अण्णा वकील भडकले. सगळं खाली उतरवा, म्हणाले, धोंडीबासारखं जमत असेल तर करा, नाहीतर तोंड दाखवू नका.

दगडू कल्याणला आला. या वेळी ओटीवर बसला नाही, अंगणातच उभा राहिला.

"वहिनी, अण्णासायेब ऐकत नाय. पातं द्या."

"पातं मिळनार नाय. पट्टी मिळंल, मी केलेली."

"बरं, ती द्या."

"दोन गोष्टी हायेत," रंगूबाई म्हणाली. "पट्टी करताना माझं दार उघडं राहील. आनि ठान्याला पट्टी पोचवायला मी येनार. अण्णासायेबांसमोर तुमी सांगायचं, हे वहिनीनं आनि आईनं केलंय."

दगडूनं आधी डोकं खाजवलं, मग खाली मान घातली, मग रंगूबाईनं पुढे धरलेल्या रंध्यावर हात ठेवून शपथ घेतली. सुतारानं रंध्यावर हात ठेवला की त्यापुढे बोलणं नाही. निदान माझ्या पणजीला तसं वाटलं.

दार उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा रंधा फिरताना त्या माजघरात उजेड आला. मागे रंगूबाई, पुढे उलटी चालणारी म्हातारी, लाकडाच्या पातळ गुंडाळ्या सुटून दोघींच्या पायांत. लोक थांबून बघायचे. कुणी थुंकलं. कुणी "कलियुग" म्हणालं, ते तर म्हणणारच. पण दूधनाक्याचा एक भाताचा व्यापारी, कोकणी मुसलमान, येता-जाता दोन दिवस बघत राहिला आणि तिसऱ्या दिवशी ओटीशी येऊन म्हणाला, "आमच्या नव्या घराच्या दाराला असंच पाहिजे. कराल काय?" रंगूबाईनं विचारलं, "बाईनं केलेलं चालंल?" तो म्हणाला, "दार मला उघडायचंय बाय, करणाऱ्याशी लगीन नाय लावायचं." म्हातारी त्या दिवशी दिवसभर हसत होती.

पट्ट्या तयार झाल्या, तशा मचव्यात घालून खाडीनं ठाण्याच्या बंदरावर नेल्या. रंगूबाई पट्ट्यांशेजारी बसून गेली. अण्णांच्या घरी ती पायरीपाशी उभी राहिली, आत जायचं नव्हतंच. दार सताड उघडं होतं, आतलं सगळं दिसत होतं. दगडू आणि त्याचा गडी परांचीवर चढले. एकेक पट्टी बसत गेली. कोपऱ्यात जुनी आणि नवी भिडली आणि सांधा दिसेनासा झाला. अण्णा शिडीवर चढून स्वतः बोट फिरवत होते. बोट कुठे अडलं नाही. दारावरचा शेवटचा तुकडा तेवढा पायरीशी, रंगूबाईजवळ ठेवलेला होता.

"वा!" अण्णा म्हणाले. "हे धोंडीबासारखं झालं! दगडू, कुणी केलं हे? तू तर नव्हेस."

दगडूनं पायरीकडे बघितलं. रंगूबाई त्याच्याकडे बघत होती. पलीकडे अण्णांच्या आईचं देवघर, तिथे त्या सोवळ्यात जप करत बसलेल्या. त्या देवघरावरूनही हाच गलता गेला होता.

"दादानंच करून ठेवलेलं अण्णासायेब. पोटमाळ्यावर व्हतं. आता गावलं."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, रतन सांगायची, आईनं डोळ्यांनी पाहिलं. "काय माणूस!" ते म्हणाले. "मेल्यावरसुद्धा शब्द पाळला. असे कारागीर आता होणे नाही."

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते मला हे लिहिताना कळतं, तिला तिथे उभ्या उभ्या कळलं असेल. जिवंतपणी निम्मं काम तिचं, ते नवऱ्याच्या नावावर. आता सगळंच्या सगळं काम तिचं, तर तेही त्याच्याच नावावर, आणि तो जळून राख झालेला! मेलेल्या माणसाला श्रेय देणं सोपं, जिवंत बाईला देताना ह्यांची जीभ झडते.

रंगूबाईनं वाकून तो शेवटचा तुकडा उचलला आणि खांद्यावर घेतला.

"ए बाई," अण्णा म्हणाले, "ते कुठे नेतेस?"

"हा मी केलाय. हा मी नेते."

"अगं, पण दारावरची जागा उघडी राहील!"

"वरचं सगळं ह्यांनी केलं ना?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण रस्त्यावरच्या माणसांनाही ऐकू गेलं. "मंग ह्यांनाच सांगा. मेल्यावर येवढी खोली केली, येवढा तुकडा पन करतील. पोटमाळ्यावर बघा, असंल ठेवलेला."

दगडू परांचीवरून "वहिनी, वहिनी" करत राहिला. ती बंदराकडे चालायला लागली होती.

तीच ती वाळवी. दगडूच्या उथळ पात्याची पट्टी तिथे लावून बघितली, ती जुळली नाही. मग कंटाळून साधी फळी ठोकली. अण्णांना कुणी खरं सांगितलं की नाही मला माहीत नाही. सांगितलं असेल आणि त्यांनी ऐकलं नसेल, हे मला जास्त खरं वाटतं. ऐकलं असतं तर बाईचा हात लागलेली पट्टी उतरवावी लागली असती, आणि ती त्यांना उतरवायची नव्हती.

संध्याकाळी रंगूबाई कल्याणला पोचली. म्हातारी ओटीवर पाय पसरून बसली होती. तिनं खांद्यावरचा तुकडा बघितला.

"बोलला का?"

"नाय बोलला."

म्हातारीनं पसरलेले पाय आवरले. मग म्हणाली, "मीच जन्म दिलाय मेल्याला." आणि भिंतीला हात लावून उठली. खुंटीवरची दोरी काढली, लुगडं सारखं केलं आणि जुन्या वळावरच वेढा बसेल अशी ती कमरेला गुंडाळली.

"चल. दूधनाक्यावाल्याचं लाकूड येऊन पडलंय. उजेड हाय तवर दोन हात मारू. आनि ते दार उघड पुरतं, अर्धवट काय ठेवतीस?"